ऐरण दिसते, लोहार दिसत नाही



स्मृतिव्याख्यानाला लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचा विषय घेतला की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर एक सौजन्याचे हसू उमटते. विषय गोड आहे, पण तासाभराच्या व्याख्यानाएवढा मोठा आहे का, अशी शंका त्या हसण्यात असते. म्हणून आधी अशा एका पुस्तकाकडे वळू, ज्याला आपण पुस्तकांत धरतच नाही. ते म्हणजे अंकलिपी. ज्या घरात दुसरे पुस्तक नसते, तिथेही मूल शाळेत जायच्या सुमारास ती येते. असंख्य मराठी मुलांचे पहिले चित्रपुस्तक हेच. अंकलिप्या प्रकाशकागणिक बदलतात, पण जुन्या वळणाच्या अंकलिप्यांतली बरीचशी चित्रे इतकी ठरून गेली आहेत की ती डोळे मिटून सांगता येतील. त्यांतली माणसे तेवढी वेगळी काढून पाहा. आ आईचा, ऋ ऋषीचा, भ भटजीचा, क्ष क्षत्रियाचा, ज्ञ ज्ञानेश्वरांचा. आईला पदर आणि कुंकू, ऋषीला जटा, भटजीला शेंडी नि जानवे, क्षत्रियाला ढाल-तलवार. आता वस्तू पाहा. ऐ ऐरणीचा: पांढऱ्या चौकोनात लोखंडाचा काळा ठोकळा, शेजारी कोणी नाही. औ औताचा: त्याला बैल नाहीत, धरणारा हात नाही. ख खटाऱ्याचा: हाकणारा नाही. पूजा सांगणारा माणूस म्हणून येतो, लोखंड ठोकणारा मात्र हत्यार होऊन येतो. गावोगाव पाल ठोकून राहणाऱ्या घिसाड्यांच्या ऐरणीवर घण पुष्कळदा बाईच्या हाती असतो आणि नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरून बसतो. हे दृश्य त्या चौकोनात मावले नाही.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा अक्षरांचा नाइलाज आहे. ऐ वरून मराठीत शब्दच किती? ऐरण आणि ऐरावत, संपले. त्यात जातीपातीचे राजकारण कशाला शोधायचे? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. शब्द अक्षराने निवडला, हे खरे. पण ऐरणीशेजारी माणूस काढू नका, असे काही अक्षराने सांगितलेले नव्हते. ते चित्रकाराने ठरवले, किंवा खरे सांगायचे तर कोणीच ठरवले नाही. आधीच्या अंकलिपीत नव्हता म्हणून पुढच्या अंकलिपीत आला नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. ती एक सवय आहे आणि दुष्टाव्यापेक्षा सवय जास्त टिकते. आज जे मांडायचे आहे ते याच संदर्भात. मुलांच्या पुस्तकांत कोणाकोणाचे चेहरे दिसतात, याची मोजदाद अलीकडे होऊ लागली आहे आणि ती व्हायलाच हवी. पण चेहरा आला म्हणजे ओळख आली, असे होत नाही. चित्रात माणूस कोणत्या खुणांनी उभा केला जातो आणि त्या खुणा ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, यावर मुलाची ओळख जास्त अवलंबून असते.

खुणांशिवाय चित्रपुस्तक होतच नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. चित्रपुस्तकाला साधारण बत्तीस पाने मिळतात, कारण छपाईचे फर्मे सोळा पानांच्या हिशोबाने पडतात. मजकूर दोन-चारशे शब्दांचा. वाचणारे मूल तीन ते सहा वर्षांचे. एवढ्या जागेत आजी ही आजीच आहे, हे पान उलटायच्या आत कळायला हवे. म्हणून चित्रकार नऊवारी आणि अंबाडा काढतो; आजोबांना काठी नि चष्मा देतो; मुसलमान म्हटले की गोल टोपी, ख्रिस्ती म्हटले की गळ्यात क्रूस, आदिवासी म्हटले की डोक्यात पिसे. ही काटकसर कारागिरीतून येते, नेहमीच द्वेषातून नव्हे. म्हणून ‘खुणा टाळा’ हा उपदेश चित्रकाराच्या काही कामाचा नाही. खूण टाळायचीच तर ज्याला माणसाचे रूपच नाही असे पात्र घ्यावे लागेल. प्राणी घ्या, रंगाचे ठिपके घ्या. हा मार्गही चोखाळून झालेला आहे आणि त्याचा इतिहास मोठा बोलका आहे.

अमेरिकेत 1958 साली गार्थ विल्यम्स या नावाजलेल्या चित्रकाराचे ‘द रॅबिट्स वेडिंग’ हे पुस्तक निघाले. एक पांढरा ससा, एक काळा ससा. दोघे रानात खेळतात आणि शेवटी त्यांचे लग्न होते. पुढच्या वर्षी अलाबामा राज्यात गदारोळ उठला. गोऱ्या-काळ्यांचे लग्न तिथे तेव्हा कायद्याने गुन्हा होता आणि सशांच्या आडून तेच मुलांना शिकवले जात आहे, असा आरोप झाला. एडिन्स नावाच्या राज्य सिनेटरने तर पुस्तक जाळायची भाषा केली. राज्याच्या ग्रंथालय सेवेच्या प्रमुख एमिली रीड यांनी पुस्तक काढून टाकायला नकार दिला. मात्र ते उघड्या मांडणीतून राखीव कपाटात गेले. कोणत्याही ग्रंथालयाने मागितले तर मिळेल, अशी ती सोय होती. विल्यम्सचे म्हणणे साधे होते. काळ्याशेजारी पांढरे चित्रात उठून दिसते म्हणून ससे तसे रंगवले. पांढऱ्या केसाळ प्राण्यांचे गोऱ्या माणसांशी नाते लागते, याची त्याला कल्पना नव्हती.

ससासुद्धा निर्धोक नाही, असे ठरल्यावर उरले ठिपके. 1959 सालीच लिओ लिओनी यांचे ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’ आले. यात माणूस नाही, प्राणी नाही. फाडलेल्या कागदाचे निळे आणि पिवळे तुकडे आहेत. निळा पिवळ्याला मिठी मारतो, दोघे हिरवे होतात आणि घरी गेल्यावर आईबाप त्यांना ओळखत नाहीत. आगगाडीच्या प्रवासात नातवंडांची करमणूक करायला लिओनींनी मासिकाची पाने फाडली, त्यातून ही गोष्ट निघाली. लिओनी ज्यू वंशाचे. इटलीत फॅसिस्टांचे वंशकायदे आल्यानंतर 1939 साली ते अमेरिकेला गेले होते. गोष्टीत हे काहीच नाही आणि तरी ती वाचताना मोठ्या वाचकाला ते जाणवते. गंमत पुढे आहे. 2015 साली व्हेनिसच्या महापौरांनी बालवाड्यांतून एकोणपन्नास पुस्तके काढायचा हुकूम सोडला. लिंगभेद पुसणारी आणि वेगळ्या धर्तीची कुटुंबे दाखवणारी म्हणून. त्या यादीत लिओनींचे हे ठिपकेही होते. ओरड झाल्यावर बहुतेक पुस्तके परत गेली. छप्पन्न वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत, दोन वेगळ्या भयांना रंगांचा तोच मेळ सापडला. रिकामी खूण रिकामी राहत नाही. समाजाच्या मनात जे खदखदत असते, ते तिच्यात उतरते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. हे सगळे मोठ्यांचे खेळ आहेत. मूल काही सशात वंश पाहत नाही, ते ससा पाहते. विल्यम्सचा बचावही हाच होता. सशापुरते ते खरे असेल. पण मूल रंग पाहते आणि रंगाची किंमतही लवकर शिकते, याचा पुरावा त्याआधीच पुढे आलेला होता. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. घडण एकच, रंग तेवढा वेगळा. कोणती बाहुली खेळायला हवी, कोणती चांगली, कोणती वाईट, असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. या प्रयोगाच्या पद्धतीवर नंतर टीका झाली आणि बाहुलीच्या पसंतीवरून मुलाचे सगळे मन वाचता येते, असा दावा कोणी करू नये. पण मुलांना हे कळतच नाही, असे म्हणायची सोय त्यामुळे उरली नाही. ज्या वयात मूल अंकलिपी हाताळते, नेमके तेच हे वय आहे.

मग उरतो तो पुस्तकात चेहरा आणण्याचा मार्ग. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1965 साली ‘सॅटरडे रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. 1962 ते 64 या तीन वर्षांत निघालेली 5,206 बालपुस्तके त्यांनी हिशोबात घेतली. त्यांतल्या अवघ्या 349 पुस्तकांत, म्हणजे 6.7 टक्क्यांत, एखादा तरी कृष्णवर्णीय माणूस दिसत होता. त्याच काळातले, 1962 सालचे, एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ आज या विषयाचे आद्य पुस्तक मानले जाते. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला हा चित्रकार वर्षानुवर्षे इतरांच्या गोष्टींना चित्रे काढत होता आणि त्या गोष्टींत काळे मूल नायक म्हणून कधी येत नव्हते. 1940 साली ‘लाइफ’ मासिकात आलेली एका लहानग्याची छायाचित्रे त्याने कापून ठेवली होती. वीस-बावीस वर्षांनी त्यांतून या पुस्तकाचा नायक पीटर झाला.

या पुस्तकापाशी थोडे थांबले पाहिजे. पीटर सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेले. लाल टोपडे-अंगरखा घालून निघतो. पावले बाहेर वळवून चालतो, आत वळवून चालतो, मागे उमटलेले ठसे पाहतो. काठीने झाड ठोकतो तर बर्फ डोक्यावर. मोठ्या मुलांच्या बर्फयुद्धात त्याला जागा नाही, तो अजून लहान आहे. मग एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि झोपण्यापूर्वी पाहतो तर खिसा ओला, गोळा नाही. बस, एवढेच. तो काळा आहे, असे मजकुरात एकदाही म्हटलेले नाही. पांढऱ्याशुभ्र पानावर लाल कपड्यातला तपकिरी चेहरा, ही एकच खूण आणि ती पुरेशी आहे. कीट्सने नक्षीचे कागद, कापड, खोडरबराचे ठसे असे काय काय चिकटवून ही चित्रे केली. पुस्तकाला 1963 चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने 2020 साली आपल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तिच्यात हे पहिले होते: 485,583 वेळा.

तरीही आक्षेप आलेच आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. खुद्द लॅरिक यांना पीटरची आई खटकली. भडक पिवळ्या चौकड्यांचा झगा घातलेली ती स्थूल बाई त्यांना जुन्या चित्रांतल्या काळ्या दाईच्या साच्यातली वाटली. दुसरा आक्षेप असा की वर्णाचा उल्लेखच टाळल्यामुळे पुस्तक गोऱ्या वाचकाला सोयीचे झाले. त्याला पीटर आवडतो, पण पीटरच्या वस्तीत काय चालले आहे हे कळत नाही. दुसरा आक्षेप मला पटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने प्रत्येक पुस्तकात त्याची साक्ष दिलीच पाहिजे, हा नियम जुलमी आहे. उच्चवर्णीय मुलाला नुसते पावसात भिजता येते. दलित मूल पुस्तकात आले की त्याने पाणवठ्यावरूनच का यावे? नुसते खेळण्याचा हक्क ही समतेची फार मोठी खूण आहे. पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि ते माझ्या मुद्द्याला धरून आहे. मूल कीट्सने छायाचित्रांत पाहून काढले, ते ताजे आले. आई त्या छायाचित्रांत नव्हती. तिच्यासाठी त्याने हाताशी असलेली खूण उचलली आणि हाताशी होता तो साचा.

मग खुणा ज्यांच्या आहेत त्यांच्या हाती कुंचला गेला तर काय होते? मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे परधान गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला गेले होते. त्यांचे ‘द लंडन जंगल बुक’ 2004 साली चेन्नईच्या तारा बुक्सने काढले. त्यात बिग बेनचे घड्याळ आणि कोंबडा एका देहात येतात, कारण वेळ सांगणे हे दोघांचे काम. भुयारी रेल्वे गांडूळ होते. एरवी गोंड माणूस चित्राचा विषय आणि शहरी माणूस पाहणारा असतो. इथे पाहणारा बदलला. याच परंपरेतल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी 2011 साली ‘भीमायन’ चितारले, बाबासाहेबांच्या आयुष्यावर. ते मोठ्या मुलांसाठी आहे, चित्रपुस्तक आणि चित्रकथा यांच्या सीमेवरचे. त्यात सातारा जिल्ह्यातला तो प्रसंग आहे: 1901 साली लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघतो, मसूर स्टेशनावर उतरतो, जात कळताच स्टेशनमास्तरांचा नूर पालटतो आणि गाडीवान मिळेनासा होतो. हा प्रसंग आपण शेकडो वेळा ऐकला आहे. व्यामांनी तो चौकटीत कोंडला नाही. पानाचे भाग पाडायला त्यांनी आपल्या भिंतींवरची दिगना ही नक्षी घेतली. बोलण्याचे फुगे दोन प्रकारचे केले. ज्याचे बोलणे मायेचे, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या शब्दांत अस्पृश्यतेचे विष, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. सहा वर्षांच्या मुलालाही न वाचता कळते की हा माणूस डंख मारतो आहे. शोषणाची खूण इथे शोषिताच्या कपड्यांवर, रंगावर, हातातल्या झाडूवर नाही. ती बोलणाऱ्याच्या जिभेवर आहे. हा फरक फार मोठा आहे आणि तो कोणा कलासंचालकाने सुचवला असता, असे वाटत नाही.

लोककलेचे एवढे कौतुक ऐकून कोणाला वाटेल, मग काय, पाठ्यपुस्तकांत वारली चित्रे टाकली की झाले. महाराष्ट्रात ते आधीच होऊन बसले आहे. सरकारी इमारतीची भिंत, शाळेचा व्हरांडा, हॉटेलचा जिना, कुठेही तारप्याभोवतीचे रिंगण नाचते आहे. मुळात हे चित्र लग्नाच्या चौकाचे. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी चौक लिहायचा, आत पालघट देवी, धवलेरीने गाऊन लग्न लावायचे. 1970 नंतर जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणले आणि जगभर नेले. त्यांच्या हाती ते जिवंत राहिले. पण व्हरांड्यातल्या रिंगणात पालघट नाही, धवलेरी नाही आणि रंगवणाऱ्याला वारली येत नाही. तिथे वारली माणूस ऐरणीसारखाच वस्तू झाला. याउलट ताराचेच ‘डू!’ हे पुस्तक पाहा. रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या घरच्यांनी काढलेले. पानोपान क्रिया आहेत, माणसे काहीबाही करत आहेत. दोन त्रिकोणांच्या त्या देहाला नाक नाही, डोळा नाही, पिसे तर नाहीतच. तरी ती माणसे कुठली आहेत, हे विचारावे लागत नाही. ती काय करतात आणि कशी वाकतात, यावरून कळते. ओळख पोशाखातून काढून कामात ठेवली, तर खूण साचा होत नाही.

मराठीत हे काम कोणी केले? माधुरी पुरंदरे यांचे नाव आधी घ्यावे लागेल. राधा आणि यश यांच्या पुस्तकांत लेखणी आणि कुंचला एकाच हातात आहेत, म्हणून चित्र मजकुराचे भाषांतर करत बसत नाही. घरातली माणसे नमुन्याची नाहीत, सवयींची आहेत. आई म्हणजे पदर आणि पोळपाट, हे गणित त्यांनी उपदेशाचा एक शब्द न उच्चारता मोडले. शासकीय पातळीवर बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, त्याची बातमी झाली. एवढ्या साध्या चित्राची बातमी व्हावी, यातच आधीच्या चित्रांचा हिशोब आला. आता कोणी म्हणेल, राधाचे घर शहरी मध्यमवर्गीय आहे. आहेच. लेखिकेने ते आतून ओळखले, म्हणून ते खरे उतरले. तक्रार करायची तर ती अशी करावी लागेल की पालातले, पाड्यावरचे, मोहल्ल्यातले, साखर कारखान्याच्या तळावरच्या कोपीतले घर इतक्याच आतून ओळखणारी चित्रपुस्तके त्या घराशेजारी मुबलक उभी राहिली नाहीत.

प्रकाशक इथे हिशोबाची वही उघडतात आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. रंगीत छपाई महाग. म्हणून एकच चित्रे अनेक भाषांत वापरायची, काळ्या शाईतला मजकूर तेवढा बदलायचा. 1969 साली सुरू झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाने हाच मार्ग धरला आणि त्यामुळे स्वस्त, देखणी पुस्तके खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचली. हे ऋण मोठे आहे. पण त्याची एक किंमत आहे. जे चित्र मराठीत, तमिळमध्ये आणि असमियात चालायला हवे, त्यात दुकानाची पाटी नको, टोपी नको, विशिष्ट धाटणीचे लुगडे नको. उरते ते कुठलेच नसलेले, गोबऱ्या गालांचे, गव्हाळ अखिल भारतीय मूल. हा साचा आक्षेपार्ह नाही म्हणूनच अवघड आहे. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हातात काही सापडत नाही. भज्जू श्यामांची पुस्तके परदेशी भाषांतही गेली, हे प्रकाशकांनी लक्षात घ्यावे. ठिकाणाचा पत्ता असलेले चित्र प्रवास करू शकत नाही, ही समजूत त्या पुस्तकांनी खोटी ठरवली.

शेवटी पालक, शिक्षक आणि शाळांसाठी पुस्तके निवडणाऱ्या समित्या यांना एक विनंती. ‘भीमायन’च्या मुखपृष्ठावर चित्रकारांची नावे लेखकांच्या आधी छापली आहेत. आपल्याकडच्या अनेक बालपुस्तकांत चित्रकाराचे नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या नावाशेजारी, बारीक टायपात सापडते. पुढच्या खरेदीच्या वेळी यादीतल्या प्रत्येक पुस्तकाचे ते पान उघडा, चित्रे कोणी काढली ते वाचा आणि तो माणूस चित्रातल्या घरात कधी राहिला होता का, हे प्रकाशकाला पत्र लिहून विचारा. अशी चार पत्रे गेली तर पाचव्या पुस्तकासाठी प्रकाशक चित्रकार कुठे शोधायचा, याचा नव्याने विचार करतील.